36 मतफेऱ्या: फेब्रुवारी 1801 मध्ये अमेरिकेची राज्यघटना कुठे अडली

11 फेब्रुवारी 1801 रोजी वॉशिंग्टनमध्ये बर्फ पडत होते. राजधानी फिलाडेल्फियाहून तिथे हलवून काही महिनेच झाले होते आणि संसदेच्या इमारतीची फक्त उत्तरेकडची बाजू उभी होती. दुपारी सिनेटच्या दालनात दोन्ही सभागृहे एकत्र बसली. उपराष्ट्राध्यक्ष या नात्याने सिनेटचे अध्यक्षपद थॉमस जेफरसनकडे होते. त्यामुळे राज्याराज्यांतून आलेले निर्वाचकांच्या (राष्ट्राध्यक्ष निवडण्यासाठी राज्यांनी नेमलेल्या मतदारांच्या) मतांचे लखोटे उघडण्याचे काम त्यालाच करावे लागले. तो स्वतःच उमेदवार होता. निकाल डिसेंबरपासून सगळ्यांना ठाऊक होता, त्या दिवशी तो फक्त अधिकृत झाला: जेफरसन 73, ॲरन बर 73, विद्यमान राष्ट्राध्यक्ष जॉन ॲडम्स 65, चार्ल्स कोट्सवर्थ पिंकनी 64, जॉन जे 1.

जेफरसन आणि बर एकमेकांविरुद्ध उभे नव्हते. दोघे एकाच रिपब्लिकन पक्षाचे होते. (आजच्या रिपब्लिकन पक्षाशी याचा संबंध नाही, तो अर्धशतकानंतर जन्मला.) जेफरसन राष्ट्राध्यक्ष आणि बर उपराष्ट्राध्यक्ष व्हावा, हे त्या पक्षाच्या शेवटच्या कार्यकर्त्यालाही माहीत होते. ज्या 73 निर्वाचकांनी मते दिली, त्यांच्या मनातही तेच होते. पण ते मतपत्रिकेवर लिहिण्याची सोय राज्यघटनेत नव्हती. फेडरलिस्ट पक्ष निवडणूक हरला होता, तरी दोन विजेत्यांपैकी कोणाला गादीवर बसवायचे हे ठरवण्याची संधी आता त्याच्या हाती आली.

या प्रकरणाची कथा बहुतेकदा बरची महत्त्वाकांक्षा आणि फेडरलिस्ट नेता अलेक्झांडर हॅमिल्टनचा द्वेष यांभोवती रचली जाते. पुढे या दोघांत झालेल्या द्वंद्वयुद्धामुळे तिला नाट्यही मिळते. माझ्या मते खरा अभ्यासाचा विषय दुसरा आहे. हा पेच कोणाच्या फितुरीतून निर्माण झाला नाही. रिपब्लिकन निर्वाचक शिस्तीने, एकदिलाने वागले आणि त्या एकदिलाने वागण्यानेच राज्यघटनेचे चाक रुतले. ज्या यंत्रणेत पक्ष असणार नाहीत असे धरून नियम लिहिले होते, तिच्यात पहिल्यांदाच पक्ष पूर्ण ताकदीने उतरला होता.

नियम कशासाठी होता

1787 साली फिलाडेल्फियात जमलेल्या घटनाकारांना गटबाजी माहीत नव्हती असे नाही. उलट तिची त्यांना धास्ती होती. जेम्स मॅडिसनने त्याच वर्षी नोव्हेंबरात वर्तमानपत्रात लिहिले की गट माणसाच्या स्वभावातूनच निपजतात, ते समूळ नष्ट करता येत नाहीत, पण देश मोठा असेल तर गट इतके असतील की कोणा एकाची कायमची सरशी होणार नाही. देशभर पसरलेले, उत्तर-दक्षिण जोडणारे दोनच मोठे तट उभे राहतील आणि त्यांपैकी एक आपणच बांधू, हे तेव्हा त्याच्याही ध्यानात आले नव्हते.

राष्ट्राध्यक्ष निवडण्याचा नियम या समजुतीवर बेतलेला होता. प्रत्येक राज्याने निर्वाचक नेमायचे. प्रत्येक निर्वाचकाने दोन नावांना मत द्यायचे, त्यांतले निदान एक आपल्या राज्याबाहेरचे हवे. पहिले मत कोणाला आणि दुसरे कोणाला असा भेद नाही, दोन्ही सारख्याच वजनाची. ज्याला सर्वांत जास्त आणि निर्वाचकांच्या निम्म्याहून अधिक मते, तो राष्ट्राध्यक्ष. त्याच्या खालचा उपराष्ट्राध्यक्ष. दोघांना बहुमत असून मते समान पडली, तर प्रतिनिधीगृहाने (संसदेच्या खालच्या सभागृहाने) त्या दोघांतून एकाची निवड करायची, पण डोकी मोजून नाही, राज्यवार: एका राज्याला एक मत, आणि एकूण राज्यांच्या बहुमताची अट.

पक्ष नसतील तर यात शहाणपण आहे. एक मत निर्वाचक आपल्या ओळखीच्या स्थानिक माणसाला देणारच, दुसरे त्याला बाहेर बघायला लावते, आणि ती दुसरी मते जमून देशभर मान असलेला माणूस वर येतो. जॉर्ज वॉशिंग्टन हयात आणि इच्छुक होता तोवर, 1789 आणि 1792 मध्ये, या नियमाची परीक्षाच झाली नाही. 1796 साली ती झाली. फेडरलिस्ट ॲडम्सला 71 आणि विरोधी पक्षाच्या जेफरसनला 68 मते पडली. म्हणजे चार वर्षे सरकारचा प्रमुख एका पक्षाचा आणि त्याचा वारस दुसऱ्या पक्षाचा. तेव्हाच नियम बदलायला हवा होता. पण नियमामुळे ज्याचे नुकसान झाले तो पक्ष दर वेळी वेगळा असला, की दुरुस्तीची घाई कोणालाच होत नाही.

दरम्यान तट घट्ट झाले होते. अलेक्झांडर हॅमिल्टनची कर्ज आणि राष्ट्रीय बँकेची योजना, फ्रेंच राज्यक्रांतीकडे बघण्याची दृष्टी, ब्रिटनशी जॉन जेने केलेला करार, प्रत्येक प्रश्नावर तीच माणसे त्याच बाजूला उभी राहू लागली. 1798 साली फ्रान्सशी अघोषित समुद्री युद्ध सुरू असताना फेडरलिस्टांनी राजद्रोहाचा कायदा केला. सरकार, संसद किंवा राष्ट्राध्यक्ष यांच्याविरुद्ध खोटे आणि बदनामीकारक लिहिणे गुन्हा ठरला. संरक्षित पदांच्या या यादीत उपराष्ट्राध्यक्ष नव्हता, कारण ते पद जेफरसनकडे होते. कायद्याची मुदत 3 मार्च 1801, म्हणजे ॲडम्सच्या कारकिर्दीच्या अखेरीपर्यंतचीच ठेवली होती. या दोन तरतुदी शेजारी ठेवल्या की हेतूबद्दल शंका राहत नाही.

या कायद्याखाली सापडलेल्यांत व्हर्मांटचा संसद सदस्य मॅथ्यू लायन होता. चार महिने कैद आणि 1,000 डॉलर दंड अशी शिक्षा त्याला झाली. मतदारांनी तो तुरुंगात असतानाच त्याला पुन्हा निवडून दिले. हे नाव लक्षात ठेवावे, पुढे ते परत येते.

बरोबरी कशी झाली

1800 च्या निवडणुकीची किल्ली न्यूयॉर्कमध्ये होती. तिथले 12 निर्वाचक राज्याचे विधिमंडळ नेमत असे आणि 1796 साली ती सगळी मते ॲडम्सला गेली होती. एप्रिल 1800 मध्ये बरने न्यूयॉर्क शहरातली विधिमंडळाची निवडणूक अशी लढवली की तशी तिथे आधी कोणी लढवली नव्हती: माजी गव्हर्नर जॉर्ज क्लिंटन, स्वातंत्र्ययुद्धातला सेनानी होरॅशिओ गेट्स अशी वजनदार नावे उमेदवार यादीत घालणे, मतदारांच्या याद्या करणे, घरोघर माणसे पाठवणे. रिपब्लिकनांनी विधिमंडळ जिंकले आणि 12 मते फिरली.

हॅमिल्टनने लगेच गव्हर्नर जॉन जे याला पत्र लिहून सुचवले की जुने विधिमंडळ तातडीने बोलवावे आणि निर्वाचक निवडण्याची पद्धतच बदलावी, म्हणजे निकाल निष्प्रभ होईल. जे स्वतः फेडरलिस्ट होता. पक्षाच्या फायद्यासाठी असे पाऊल उचलणे आपल्याला शोभणार नाही, अशा आशयाचा शेरा त्याने त्या पत्रावर लिहिला आणि ते बाजूला ठेवले. या संपूर्ण प्रकरणातला मला सर्वांत मोलाचा वाटणारा कागद हाच. जे याला कोणी अडवणारे नव्हते, सत्ता हातात होती, आणि तरी त्याने ती वापरली नाही.

न्यूयॉर्क जिंकून दिल्याबद्दल बरला उपराष्ट्राध्यक्षपदाची उमेदवारी मिळाली. पण तो आणि त्याचे मित्र जुना हिशेब विसरले नव्हते. 1796 साली व्हर्जिनियाच्या 21 निर्वाचकांपैकी फक्त एकाने बरला मत दिले होते. दक्षिणेकडच्यांनी आपल्याला वापरून घेतले, ही त्यांची तक्रार होती. यावेळी तसे होणार नाही याचा शब्द हवा होता, आणि मॅडिसनने तो पाळला. व्हर्जिनियाची 21 च्या 21 मते दोघांनाही पडली.

जेफरसन पुढे राहण्यासाठी कुठल्यातरी एका निर्वाचकाने बरचे नाव गाळून दुसरे कोणतेही नाव लिहिणे आवश्यक होते. फेडरलिस्टांनी हे नीट केले: ऱ्होड आयलंडच्या एका निर्वाचकाने पिंकनीऐवजी जे याला मत दिले. रिपब्लिकनांकडे मात्र प्रत्येक राज्याला वाटत होते की ते एक मत दुसरे कोणीतरी गाळेल. दक्षिण कॅरोलायनात होईल, जॉर्जियात होईल, टेनेसीत होईल, अशा खात्र्या पत्रांतून फिरत होत्या. सगळ्या राज्यांचे निर्वाचक एकाच दिवशी, आपापल्या राजधानीत मत देत. डाक पोचायला आठवडे लागत. आयत्या वेळी कोणी कोणाला विचारू शकत नव्हते. आपण एक मत गाळले आणि दुसऱ्या राज्यानेही गाळले, तर बर मागे पडेल, कदाचित ॲडम्सच्याही मागे, आणि उत्तरेकडचे पुन्हा दगाबाजीचा आरोप करतील. म्हणून कोणीच गाळले नाही.

या 73 मतांबद्दल एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. गुलामांना मत नव्हते, पण राज्याच्या जागा ठरवताना दर पाच गुलामांमागे तीन माणसे मोजली जात. त्यामुळे दक्षिणेच्या वाट्याला जास्तीचे निर्वाचक आले होते. ती वाढीव मते वजा केली तर ॲडम्स पुढे राहिला असता, असा हिशेब इतिहासकारांनी मांडला आहे. जनतेचा कौल म्हणून रिपब्लिकन ज्या विजयाचा गौरव करत होते, त्याच्या पायाशी ज्यांना कोणी विचारले नव्हते अशी माणसे होती.

कोंडी

प्रतिनिधीगृहाकडे प्रश्न गेला तेव्हा 16 राज्ये होती, म्हणजे 9 हवी होती. मतदान करणारे हे जुने सभागृह होते. नव्याने निवडून आलेल्या सभागृहात रिपब्लिकनांचे भक्कम बहुमत होते, पण ते अजून बसायचे होते. जुन्यात डोकी मोजली तर फेडरलिस्ट जास्त, राज्ये मोजली तर नाहीत. पहिल्या फेरीत जेफरसनला 8 राज्ये, बरला 6, आणि मेरीलँड व व्हर्मांट आतल्या आत दुभंगलेली, म्हणून त्यांचे मत शून्य. मेरीलँडमध्ये चारास चार. व्हर्मांटमध्ये एक फेडरलिस्ट लुईस मॉरिस आणि एक मॅथ्यू लायन.

डेलावेअर, टेनेसी आणि जॉर्जिया या तीन राज्यांचा सभागृहात एकेकच माणूस होता (जॉर्जियाचा दुसरा सदस्य जानेवारीत वारला होता), आणि तो एकटा माणूस म्हणजेच ते राज्य. टेनेसीचा विल्यम क्लेबोर्न तेव्हा जेमतेम पंचविशीतला होता. पहिल्यांदा निवडून आला त्या वेळी राज्यघटनेने घातलेली 25 वर्षांची अटही त्याने पुरी केली नव्हती. डेलावेअरची लोकसंख्या सुमारे 64 हजार, व्हर्जिनियाची 8 लाखांहून अधिक, पण या मतदानात दोघांचे पारडे सारखे.

निवड होईपर्यंत सभागृह तहकूब करायचे नाही, दुसरे कामकाज घ्यायचे नाही, असा ठराव आधीच झाला होता. दारे बंद करून रात्रभर फेऱ्या चालल्या. मेरीलँडचा जोसेफ निकोल्सन तापाने फणफणलेला होता. त्याला बर्फातून बिछान्यासकट उचलून आणले, शेजारच्या खोलीत झोपवले, आणि पत्नीच्या आधाराने तो प्रत्येक फेरीत जेफरसनचे नाव लिहीत राहिला. तो आला नसता तर मेरीलँड बरकडे गेले असते. पहाट झाली तरी आकडा तोच: 8, 6, 2. पुढच्या दिवसांतही तोच. 17 तारखेला 35 वी फेरी झाली तेव्हाही तोच.

फेडरलिस्टांना बर का हवा होता? जेफरसनला ते नास्तिक आणि फ्रेंच क्रांतीचा चेला समजत. नौदल, बँक, कर्जफेड सगळे तो मोडून काढील अशी भीती होती. बरकडे ठाम मते नाहीत, म्हणून तो आपल्या उपकाराखाली राहील, असा त्यांचा हिशेब होता. नेमक्या याच कारणासाठी हॅमिल्टनने पत्रांमागून पत्रे लिहून स्वपक्षीयांना विनवले. जेफरसनशी त्याचे दहा वर्षांचे वैर होते, पण त्या माणसाला निदान काही तत्त्वे आहेत, बरला एकही नाही, असे त्याचे म्हणणे. शिवाय जेफरसनकडून कर्ज, नौदल, तटस्थता आणि अधिकाऱ्यांच्या नेमणुका यांबद्दल आश्वासने घ्यावीत, असेही त्याने सुचवले. बहुतेकांनी ऐकले नाही.

बर स्वतः न्यूयॉर्क राज्यात ऑल्बनीला होता. डिसेंबरात त्याने मेरीलँडचा रिपब्लिकन सदस्य सॅम्युअल स्मिथ याला पत्र लिहून जेफरसनशी स्पर्धा करण्याचा विचार झटकला होता. पण आपण निवडून आलो तर पद नाकारू, हे एक वाक्य त्याने कधीच लिहिले नाही. ते लिहिले असते तर सहा दिवसांची कोंडी झालीच नसती. दुसरीकडे फेडरलिस्टांशी त्याने उघड सौदाही केला नाही. हा मधला पवित्रा त्याला दोन्हीकडून नडला. पुढे मार्चमध्ये डेलावेअरचा फेडरलिस्ट सदस्य जेम्स बायर्ड याने हॅमिल्टनला कळवले की बरने मनावर घेतले असते तर दोन-तीन माणसे फोडून तो निवडून येऊ शकला असता.

बाहेर वातावरण तापत होते. 4 मार्चला ॲडम्सची मुदत संपणार होती आणि तोवर कोणीच निवडले गेले नाही तर काय, याला राज्यघटनेत स्पष्ट उत्तर नव्हते. सिनेटच्या हंगामी अध्यक्षाकडे कारभार सोपवावा, अशी चर्चा काही फेडरलिस्ट करत होते. कोणी नवनियुक्त सरन्यायाधीश जॉन मार्शलचे नावही घेत होते. पेनसिल्व्हेनियाचा गव्हर्नर थॉमस मकीन आणि व्हर्जिनियाचा जेम्स मन्रो यांनी आपापल्या राज्यांची शिबंदी सज्ज ठेवण्याची तयारी चालवली. 15 फेब्रुवारीला जेफरसनने मन्रोला लिहिले की असा हंगामी कारभारी नेमला तर मधली राज्ये शस्त्र उचलतील, हे आम्ही फेडरलिस्टांना स्पष्ट सांगितले आहे. ज्याला आपण संयमी विचारवंत म्हणून वाचतो, त्याचे हे शब्द आहेत. यादवी किती जवळ आली होती हे त्यांतून कळते.

बायर्ड

गाठ सुटली ती डेलावेअरच्या एकट्या सदस्याकडून. जेम्स बायर्ड फेडरलिस्ट होता आणि 35 फेऱ्या त्याने बरला मत दिले. पण आपले राज्य संघराज्यातले सर्वांत दुबळे, संघ मोडला तर त्याला स्वतःच्या रक्षणाचे साधन नाही, म्हणून राज्यघटना पणाला लावता येणार नाही, असा विचार त्याने नंतर लिहून ठेवला. शनिवार-रविवारी पक्षाच्या बैठकीत त्याने आपण माघार घेणार असे सांगितले तेव्हा पळपुटा म्हणून त्याची हुर्यो उडवली गेली.

त्याआधी त्याने स्मिथमार्फत जेफरसनचा अंदाज घेतला: सरकारी कर्जाचे काय, नौदलाचे काय, आणि विल्मिंग्टनचा जकात अधिकारी ॲलन मॅक्लेन याच्यासारख्या कनिष्ठ अधिकाऱ्यांच्या नोकऱ्यांचे काय. स्मिथने जेफरसनशी बोलून समाधानकारक उत्तर आणले. 1806 साली बायर्डने शपथेवर सांगितले की आपल्याला हमी मिळाली होती. जेफरसनने त्याच वर्षी आपल्या टिपणात हे साफ खोटे ठरवले. मला दोघेही आपापल्या समजुतीने खरे बोलत होते असे वाटते. जेफरसनने स्मिथला मित्र म्हणून आपली मते सांगितली असावीत आणि स्मिथने तीच मते शब्द म्हणून पुढे पोचवली असावीत. मॅक्लेनची नोकरी टिकली, एवढे मात्र खरे. आणि ॲडम्सने बायर्डला फ्रान्समधले राजदूतपद देऊ केले तेव्हा त्याने ते नाकारले.

17 फेब्रुवारीला दुपारी 36 वी फेरी झाली. व्हर्मांटचा मॉरिस सभागृहात आलाच नाही. त्यामुळे त्या राज्याचे मत लायनच्या हातात आले, आणि ज्याला ॲडम्सच्या कायद्याने तुरुंगात घातले होते त्याने ते जेफरसनच्या पदरात टाकले. मेरीलँडच्या चार फेडरलिस्टांनी कोऱ्या मतपत्रिका टाकल्या. डेलावेअर आणि दक्षिण कॅरोलायनाही कोरे. जेफरसनला 10 राज्ये, बरला 4.

एकाही फेडरलिस्टाने त्या फेरीत मत बदलून जेफरसनला दिले नाही. कोणी गैरहजर राहिले, कोणी कागद कोरा ठेवला. निष्ठा न सोडता वाट मोकळी करण्याची ही युक्ती होती, आणि ती सुचली म्हणून सत्तांतर झाले. फेडरलिस्टांनी त्याच आठवड्यात, 13 फेब्रुवारीला, नवा न्यायव्यवस्था कायदा लागू करून 16 नवी न्यायाधीशपदे निर्माण केली आणि जाता जाता ती आपल्या माणसांनी भरली, हेही त्याच हिशेबात धरले पाहिजे. कार्यकारी सत्ता सोडणाऱ्यांनी न्यायालयात पाय रोवून घेतले. 4 मार्चला जेफरसन आपल्या खाणावळीतून चालत संसदेत गेला. ॲडम्स पहाटेच गाव सोडून निघून गेला होता.

दुरुस्ती

बारावी घटनादुरुस्ती डिसेंबर 1803 मध्ये संसदेत आणि जून 1804 मध्ये राज्यांकडून मंजूर झाली. राष्ट्राध्यक्ष आणि उपराष्ट्राध्यक्ष यांच्यासाठी निर्वाचकाने स्वतंत्र मत द्यायचे, एवढा साधा बदल. पक्ष हा शब्द तिच्यात कुठेही नाही, पण जोडीने लढणारे उमेदवार तिने गृहीत धरले. बरला तिचा उपयोग नव्हता, त्याला पक्षाने आधीच वगळले होते. जुलै 1804 मध्ये त्याने द्वंद्वात झाडलेल्या गोळीने हॅमिल्टन गेला.

दुरुस्तीने समान मतांचा पेच सोडवला. मुदतीत राष्ट्राध्यक्ष निवडला गेला नाही तर उपराष्ट्राध्यक्षाने काम पाहावे, अशी तजवीजही केली. पण 1801 मध्ये बरोबरी हे निमित्त होते, सहा दिवस चाक अडले होते ते राज्यवार मतदानात, आणि तिथे कोणी हात लावला नाही. लहान राज्यांना तो अधिकार सोडायचा नव्हता. त्याचा परिणाम फार लांब नव्हता. 1824 मध्ये कोणालाच बहुमत मिळाले नाही. अँड्र्यू जॅक्सनला 99 आणि जॉन क्विन्सी ॲडम्सला 84 निर्वाचकांची मते होती, तरी फेब्रुवारी 1825 मध्ये प्रतिनिधीगृहात 24 पैकी 13 राज्ये मिळवून ॲडम्स राष्ट्राध्यक्ष झाला. जॅक्सनच्या समर्थकांनी त्यावर पुढची चार वर्षे रान उठवले आणि त्यातूनच नवा पक्ष बांधला. ती तरतूद आजही लागू आहे: निर्वाचकांत कोणालाही बहुमत मिळाले नाही तर प्रतिनिधीगृहात दाट लोकवस्तीच्या कॅलिफोर्नियाचे एक मत आणि जेमतेम लोकवस्तीच्या वायोमिंगचेही एकच.